बंदूक खांद्याला बसली पाहिजे

परदेशी गेलेली मुलं आईवडिलांना फोनवर काय काय विचारत असतात! पुरणाला डाळ किती शिजवायची, बाळाचा खोकला कसा थांबवायचा, घराचं कर्ज आधी फेडावं की नाही. लखनऊच्या वृंदावन योजनेत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याला मात्र कोलोरॅडोतल्या त्यांच्या मुलाने एक वेगळाच प्रश्न विचारला, ‘‘बाबा, एल्कच्या पहिल्या शिकारीसाठी कोणती रायफल घेऊ?’’

प्रश्न वडिलांना विचारण्यामागे कारण होतं. मूळचे अमरावतीचे हे गृहस्थ कानपूरच्या एका शस्त्रनिर्माण कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीनंतर त्यांनी वृंदावन योजनेत घर बांधलं. फेब्रुवारी २०२० मध्ये याच वसाहतीच्या सेक्टर १५ मध्ये ‘डिफेन्स एक्स्पो’ भरलं, तेव्हा शेजाऱ्यांना तोफा आणि रायफली समजावून सांगताना त्यांचा घसा बसला होता. पण आयुष्यभर बंदुका हाताळलेल्या या माणसाने कधी एक ससासुद्धा मारलेला नाही.

आई तर ऐकताक्षणीच म्हणाली, ‘‘शिकार? आणि तू विचारतोस कुणाला! तिथे दुकानात मटण मिळत नाही का?’’

मुलाचं उत्तर तयार होतं. तिथे शिकार चोरून होत नाही, सरकारी परवाना घेऊन, ठरलेल्या हंगामात होते. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला आधी शिकारीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. अंगावर किमान ५०० चौरस इंचांचा भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी घालावी लागते. मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस वाया घालवणं हा गुन्हा आहे. ‘‘मी मांस खातोच ना आई? मग निदान एकदा ते कुठून येतं, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहीन.’’

आईला हे पटलं नाही. पण खोडताही आलं नाही.

आपल्याकडे काळ बदलला

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हौशी शिकारीला जागा उरली नाही. त्यापूर्वी मात्र परवाना घेऊन सांबर मारायला जाणारे लोक विदर्भातही होते. या मुलाचे आजोबा त्यांच्यातलेच. घरात एक गोष्ट फार कमी वेळा सांगितली गेली. मेळघाटात एका संध्याकाळी आजोबांनी अंधूक उजेडात लांबवरच्या सांबरावर गोळी झाडली. गोळी पोटात लागली. सांबर पळालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रक्ताच्या मागावर फिरूनही ते सापडलं नाही. आजोबांनी घरी येऊन बंदूक पुसली, कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी बाहेर काढली नाही.

वडिलांनी मुलाला प्रथम हीच गोष्ट सांगितली. मगच रायफलीचा विषय काढला.

मोठी म्हणजे चांगली नव्हे

एल्क हे हरिणांच्या कुळातलं मोठं जनावर. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. काश्मीरचा हंगुल हा त्याचाच आपल्याकडचा जवळचा भाऊबंद. एवढ्या मोठ्या जनावरासाठी मुलाच्या मित्रांनी त्याला ‘३०० विंचेस्टर मॅग्नम’ सुचवली होती. १९६३ मध्ये आलेलं हे काडतूस जबरदस्त ताकदीचं. नवशिक्याला वाटतं, जितकी ताकद जास्त तितकी खात्री जास्त.

वडिलांनी विचारलं, ‘‘गोळी सुटताना तुझे डोळे उघडे असतात का?’’

मुलगा गोंधळला. पुढच्या रविवारी त्याने सरावाच्या मैदानावर मित्राची मॅग्नम चालवून पाहिली. दुसऱ्या गोळीलाच खांदा हुळहुळला. तिसऱ्या वेळी चाप ओढण्याआधीच त्याचे डोळे मिटले आणि गोळी निशाणाच्या कितीतरी खाली गेली. धक्क्याची भीती एकदा अंगात शिरली की हात आधीच दचकतो, आणि मग बंदूक कितीही महागडी असली तरी उपयोग नाही.

मग वडिलांनी पर्याय मांडले. अमेरिकी लष्कराने १९०६ मध्ये स्वीकारलेलं ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे काडतूस शंभराहून अधिक वर्षं शिकाऱ्यांच्या वापरात आहे. १९५२ चं ‘३०८ विंचेस्टर’ आणि १९२५ चं ‘२७० विंचेस्टर’ हीसुद्धा विश्वासाची. कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेन वजनाची, आत शिरल्यावर पसरणारी हवी आणि १०० यार्डांवर तिच्यात १००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असायला हवी. थर्टी-ऑट-सिक्सच्या १८० ग्रेनच्या गोळीत तिथे याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते. मॅग्नमचा धक्का मात्र हिच्यापेक्षा सव्वापटीहून जास्त.

‘‘जनावर ताकदीने मरत नाही, जागेवर लागल्याने मरतं,’’ वडील म्हणाले. ‘‘पुढच्या पायाच्या मागे, फुप्फुसात गोळी गेली पाहिजे. ती जागा तुला शांतपणे साधता येईल, अशी बंदूक घे. दस्ता खांद्याला नीट बसला पाहिजे. गाल टेकवला की दुर्बिणीतून आपोआप स्वच्छ दिसलं पाहिजे. आणि तीन हजार मीटर उंचीवर दिवसभर खांद्यावर वागवायची आहे, तेव्हा वजनही बघ.’’

त्यांनी उत्तर प्रदेशचाच दाखला दिला. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी जिम कॉर्बेटना एक रायफल भेट दिली. ती २७५ बोअरची हलकी रिग्बी होती. पुढे अनेक नरभक्षकांच्या मागावर कॉर्बेटनी हीच रायफल वापरली. तिच्यावरचा त्यांचा हात पक्का बसलेला होता.

आईची अट

मुलाने थर्टी-ऑट-सिक्स घेतली. उन्हाळाभर दर रविवारी सराव केला. बसून, गुडघ्यावर टेकून, उभं राहून, थोडं धावून धाप लागलेली असतानाही. त्यावरून त्याला आपली मर्यादा कळली. दोनशे मीटरच्या आत दहापैकी दहा गोळ्या ताटलीएवढ्या जागेत पडत. त्यापुढे भरवसा नव्हता.

आईने या सगळ्यात एकदाच तोंड घातलं. ‘‘जाणारच असशील तर जा. पण शंका आली की चाप ओढायचा नाही. जीव घ्यायचा तर तडफडू न देता घ्यायचा. आजोबांसारखं ओझं घेऊन घरी येऊ नकोस.’’

ऑक्टोबरमध्ये मुलगा चार दिवस डोंगरात राहिला. तिसऱ्या संध्याकाळी एक भलामोठा नर दिसला. अंतर तीनशे मीटरच्या पुढचं होतं, उजेड कमी होत चालला होता आणि जनावर अर्धवट झाडाआड होतं. सोबतचा मित्र म्हणाला, ‘‘मार, अशी संधी पुन्हा येणार नाही.’’ मुलाने रायफल खाली घेतली. एल्क सावकाश चालत झाडीत शिरला. चौथ्या दिवशी काहीच दिसलं नाही.

रिकाम्या हाताने परतल्याबद्दल मित्रांनी त्याची भरपूर थट्टा केली. वृंदावन योजनेतल्या घरात मात्र त्या दिवशी वडिलांनी शेजाऱ्यांना बोलावून पेढे वाटले. शेजाऱ्यांनी विचारलं, ‘‘मुलाने काय मारलं?’’ वडील म्हणाले, ‘‘काही नाही.’’ पेढे कशाचे, हे शेजाऱ्यांना उमगलं नाही. आईने मात्र, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आजोबांच्या सांबराची गोष्ट त्यांना आपणहून सांगितली.