वाऱ्याची पेटी

आमचे आणि यंत्रांचे कधी जमले नाही. घरातला पंखा बंद पडला, तर आम्ही प्रथम त्याच्याकडे, नंतर सौभाग्यवतींकडे आणि अखेर कोपऱ्यावरच्या वायरमनच्या दुकानाकडे पाहतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या आणि सरकारी शाळेत तीस वर्षे खडू झिजविलेल्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा कोणी केलेलीही नाही. असे असता गेल्या आषाढात आम्ही एका विलायती स्पोर्ट्स गाडीची हवेची पेटी बसविण्याच्या कामी लागोपाठ तीन रविवार घालविले, हे ऐकून आमच्या स्नेह्यांना जे आश्चर्य वाटले तेच वाचकांनाही वाटेल.

गाडी आमची नव्हे, हे सांगणे न लगे. अडाजणला आमच्या शेजारी राहणारे डॉक्टरसाहेब सत्तरच्या दशकात इंग्लंडहून परतले, तेव्हा त्यांनी ती बरोबर आणली होती. 1965 सालची ‘एम. जी. बी.’. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ या पेढीच्या आद्याक्षरांवरून ‘एम. जी.’ हे नाव पडले, आणि 1962 ते 1980 या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यातून या जातीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. त्यांतली ही एक आमच्या गल्लीत उभी असे. दोघांपुरती बैठक आणि वर कापडी छत. रविवारी डॉक्टरसाहेब पत्नीला शेजारी बसवून डुमसला भजी खावयास जात.

2006 च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून लाखो क्युसेक्स पाणी सोडावे लागले आणि तापीमाईने सुरतेचा बहुतेक भाग पोटात घेतला. त्यात ही गाडीही बुडाली. पुढे डॉक्टरसाहेबांनी इंजिन, गाद्या, विजेच्या तारा सारे दुरुस्त करविले. हवेच्या पेटीला मात्र कोणी हात लावला नाही. कारण ती ‘हीटर’ या नावाने ओळखली जाई, आणि सुरतेत हीटर घेऊन करायचे काय, असे प्रत्येक कारागीर विचारी.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरसाहेब वारले. त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी गल्ली ‘बा’ म्हणते, गेल्या पावसाळ्याच्या तोंडी आम्हांला म्हणाल्या, “मास्तरसाहेब, एकदा पावसात डुमसला जायचं आहे. पण काचेवर वाफ धरते. हे चालवायचे आणि मी रुमालाने पुसायची. आता माझा हात पुरत नाही.”

काम पत्करले ते उधन्याच्या एका गॅरेजवाल्याने. तो आला, गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहून वाकून पायांना हात लावला. “गुरुजी, ओळखलं का?”

आम्ही ओळखले होते. ओळखू आले नसते तर बरे झाले असते. पंचवीस वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात हा रोज झोपत असे. आम्ही त्याला बाकावर उभे केले, छड्या दिल्या, आणि शेवटी त्याच्या वडिलांना बोलावून साऱ्या वर्गादेखत सांगितले, “याच्या डोक्यात विद्या शिरायची नाही. याला मागावर घाला.” खानदेशातून पोटासाठी आलेला तो साधा माणूस. गुरुजींचा शब्द त्याने शिरोधार्य मानला. दिवाळीनंतर मुलगा शाळेत आला नाही.

त्या दिवशी त्याने यातले काही काढले नाही. डॉक्टरसाहेबांच्या कपाटातले गाडीच्या दुरुस्तीचे जाडजूड इंग्रजी पुस्तक तेवढे आमच्या हाती दिले. “गुरुजी, तुम्ही वाचा, मी करतो.”

अशा रीतीने आम्ही त्याचे भाषांतरकार झालो. पेटी काढण्याची कृती आम्ही एका वहीत मराठीत उतरून काढली. पाणी काढा, नळ्या सोडवा, मोटरीच्या तारा सोडवा, कडेचे स्क्रू काढा. पेटी निघाली तेव्हा तिच्यातून मूठभर वाळलेला गाळ खाली पडला. 2006 ची तापी. बा बराच वेळ त्या गाळाकडे पाहत राहिल्या.

मग तो आम्हांला पेटी समजावून देऊ लागला. काचेपुढच्या जाळीतून बाहेरची हवा आत येते. पंखा ती पुढे लोटतो. इंजिनचे गरम पाणी खेळणाऱ्या जाळीतून गाळून ती पायांकडे आणि काचेकडे जाते. पाण्याची चावी बंद ठेवली तर नुसता वारा, आणि किंचित उघडली तर कोमट वारा, जो काचेवरची वाफ टिपून घेतो. “म्हणजे गुरुजी, ही पावसाची वस्तू आहे, थंडीची नाही.” इतके स्वच्छ स्पष्टीकरण आमच्या विज्ञानशिक्षकांनाही साधले असते की नाही, शंका आहे.

गंज घासून, रंग देऊन, नवी स्पंजाची पट्टी चिकटवून पेटी बसविण्याची वेळ आली. पुस्तकात बसविण्याविषयी एवढेच होते की काढण्याची कृती उलट क्रमाने करावी. आम्ही वही शेवटाकडून वाचली. पेटी त्या अरुंद खाचेत तिरपी धरून उतरविण्यात सारी दुपार गेली. स्क्रू आवळले गेले, आणि तो थबकला. “गुरुजी, झडपेची तार राहिली.”

आता तेथे हात शिरेना. आम्ही पुस्तक चाळले. तार सोडविण्याचे वाक्य तेथे होते. आम्हांला त्याचा अर्थ नीट लागला नव्हता, म्हणून क्षुल्लक समजून आम्हीच ते वगळले होते. पुरात ती तार कुजून आधीच तुटली होती, त्यामुळे काढताना कोणाला तिची आठवण झाली नाही. चूक उघडी पडली ती जोडताना.

आम्ही म्हटले, “चूक माझी.” मग जे इतके दिवस घशाशी अडले होते तेही विचारले, “तू वर्गात झोपत का होतास रे?”

तो स्क्रू सोडवीत होता. मान वर न करता म्हणाला, “रात्री कारखान्यात बाबांबरोबर असायचो गुरुजी. बारा तासांची पाळी. बॉबिन भरायचो.”

“सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही विचारलं नव्हतं.”

त्या स्वरात तक्रार नव्हती, आणि तेच आम्हांला अधिक लागले. काही वेळाने आम्ही म्हटले, “तेव्हाही चूक माझीच होती.” तो नुसता हसला आणि म्हणाला, “तार धरा गुरुजी, ताणून.” आम्ही धरली. गेलेली पंचवीस वर्षे उलट क्रमाने बसविता येत नाहीत, हे त्याला आमच्याआधी कळलेले होते.

मोटर सुरू झाली, पण वारा दुबळा. त्याने हात धरून पाहिले आणि म्हणाला, “उलटी फिरतेय.” 1967 पूर्वीच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, डॉक्टरसाहेबांच्या वेळच्या दुरुस्तीत कोणी ते बदलून आजच्या पद्धतीचे केले होते. त्याने मोटरीच्या दोन तारांची अदलाबदल केली, आणि काचेवर वारा भरभरून आला.

पुढच्या रविवारी भर पावसात तो बांना डुमसला घेऊन गेला. परतल्यावर बा एवढेच म्हणाल्या, “रुमाल काढावाच लागला नाही,” आणि तो रुमाल डोळ्यांना लावला.

वही त्याने मागून नेली होती. परवा ती दाखवावयास आला. आमच्या वळणदार अक्षरांच्या खाली, वगळलेल्या जागी, त्याने पेन्सिलीने लिहिले होते : ‘आदी तार जोडने, मंग पेटी ऊतरवने.’ एका ओळीत चार चुका. सवयीने आमचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. टोपण काढलेही. मग ते पुन्हा लावले आणि वही त्याला परत दिली. आमच्या संपूर्ण वहीत बिनचूक म्हणावी अशी तेवढीच एक ओळ होती.