साबरमतीच्या काठावर बळ्ळारी नाल्याची आठवण

आमच्या अनगोळच्या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. सासूबाई त्याला नाला म्हणत नाहीत, ‘व्हळ’ म्हणतात. त्यांच्या कानडी मैत्रिणी ‘हळ्ळ’ म्हणतात. दोन्ही शब्दांत वाहते पाणी आहे. ‘नाला’ म्हटले की मात्र हात आपोआप नाकाकडे जातो. पावसाळ्यात तो फुगून येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळच्या भातात शिरतो आणि उन्हाळ्यात त्यात शहराचे सांडपाणी तेवढे उरते. अशा नाल्याकाठच्या माणसांना ‘नदी पुन्हा सजवली’ असे कुणी सांगितले, तर ती पाहण्याची उत्सुकता वाटणारच. मागल्या हिवाळ्यात नात्यातील एका लग्नासाठी अहमदाबादला जाणे झाले आणि सासूबाईंसह आम्ही दोन दिवस साबरमतीच्या काठावर काढले.

बेळगावहून अहमदाबादला जोधपूर आणि अजमेरकडे जाणाऱ्या एक्स्प्रेस गाड्या थेट नेतात. त्या रोज नसतात, म्हणून वार पाहून आरक्षण करावे.

साबरमती राजस्थानात अरवलीच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे ३७१ किलोमीटर वाहून खंभातच्या आखाताला मिळते. तिच्या काठी अहमदशहाने १४११ मध्ये हे शहर वसवले. मात्र नदी पावसाळी. वर्षातले बरेच महिने पात्रात वाळूच असायची. त्या वाळूत कलिंगडे पिकत, सर्कशीचे तंबू लागत, कपडे वाळत आणि रविवारी जुना बाजार भरे. काठावर झोपड्या वाढल्या, गटारे थेट पात्रात उतरली. नदीकाठ विकासासाठी १९९७ मध्ये महामंडळ स्थापन झाले, २००५ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि २०१२ पासून काठ लोकांना खुला होऊ लागला.

आज दोन्ही तीरांवर मिळून बावीस-तेवीस किलोमीटरचा फिरण्याचा रस्ता आहे. वर बागा आणि मोटारींचा रस्ता, खाली पाण्यालगत पायी चालण्याची रुंद वाट. सकाळी सहाला गेलो तर सायकलवाले, योगासने करणारे आणि आजोबांचे घोळके आधीच हजर होते. संध्याकाळी अटल पूल पाहावा. हा केवळ पादचाऱ्यांचा, तीनशे मीटर लांबीचा पूल २०२२ मध्ये खुला झाला. त्याचे रंगीत छत पतंगांची आठवण देते. जवळच १८९२ चा लोखंडी एलिस पूल आहे. आम्हाला तो नव्या पुलाहून अधिक आवडला.

पूर्व तीरावरून थोडे आत गेले की जुने शहर. भद्रचा किल्ला, सिदी सय्यद मशिदीची दगडी जाळी, रात्री खाद्यपदार्थांनी गजबजणारा माणेकचौक. या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा शहराचा मान मिळाला, भारतात पहिल्यांदा. मराठी माणसाने गायकवाड हवेलीही लक्षात ठेवावी. १७५८ ते १८१७ या काळात या शहराच्या कारभारात पेशवे आणि गायकवाड वाटेकरी होते. पुढे दादासाहेब मावळंकरांसारखा मराठी वकील येथील नगराध्यक्ष झाला आणि लोकसभेचा पहिला सभापतीही.

पण खरी गोष्ट घडली ती पाण्याजवळ. सासूबाई पायरीवर बसून बराच वेळ पाहत होत्या. मग म्हणाल्या, “नदी म्हंतीस, आणि पाणी हलंना की गं!”

थोड्या वेळाने शेजारी एक कुटुंब येऊन बसले. बोलण्यावरून हुबळी-धारवाडकडचे वाटले. त्यातल्या आजीबाईंनी सोबतच्या मुलाला विचारले, “नीर यल्लिंद बरतदप्पा?” पाणी कुठून येते रे बाबा? सासूबाईंनी लगेच मान वळवली आणि पुढचा अर्धा तास त्या दोघींच्या गप्पा कानडीत रंगल्या.

दोघींचा प्रश्न मात्र बिनतोड होता. शहराच्या उत्तरेला नर्मदेचा मुख्य कालवा साबरमतीला ओलांडतो. तिथून नर्मदेचे पाणी पात्रात सोडले जाते आणि दक्षिणेला वासणा बंधाऱ्यावर अडवले जाते. मधले पाणी संथ उभे राहते. म्हणजे आपण पाहतो ती साबरमती पुष्कळशी सरदार सरोवरातून उसनी आणलेली आहे. वासण्याच्या खाली गेलात तर चित्र पालटते. तिथे शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी येते. उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या प्रदूषणाची स्वतःहून दखल घेतली. काठ बांधताना दहा हजारांहून अधिक झोपड्यांतील कुटुंबे हलली. अनेकांना शहराच्या कडेला घरे मिळाली, पण रोजचे काम मागे राहिले. फिरायला गेलेल्या माणसाला हे दिसत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

चांगलेही तितक्याच मोकळेपणाने सांगायला हवे. दोन्ही तीरांना समांतर नळ टाकून नदीत उतरणारी गटारे अडवली आणि ते पाणी शुद्धीकरण केंद्रांकडे नेले. हे काम दिसत नाही, त्याचे फोटोही कुणी काढत नाही. पण शहराच्या मधल्या भागात आज पाण्यालगत बसवते, त्यात या नळांचा मोठा वाटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आश्रमात गेलो. गांधीजींनी १९१७ मध्ये येथे वस्ती केली आणि १२ मार्च १९३० रोजी ७८ सहकाऱ्यांसह येथूनच ते दांडीला निघाले. हृदयकुंज, विनोबांची कुटी, चार्ल्स कोरिया यांनी रचलेले साधे, हवेशीर संग्रहालय, सगळे निवांतपणे पाहावे. नदीकडच्या प्रार्थनाभूमीवर मला आपले काकासाहेब कालेलकर आठवले. बेळगुंदीचा हा माणूस येथे राहिला, गुजरातीत इतके उत्तम लिहिले की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. देशभरच्या नद्यांवर ‘लोकमाता’, ‘जीवनलीला’ लिहिताना त्यांनी आपली लहानशी मार्कंडेयही सोडली नाही. गंगेच्या पंगतीत तिला जिव्हाळ्याने बसवले.

त्याच मार्कंडेयवरच्या राकसकोप धरणाचे पाणी बेळगावकर पितात. आणि आपला बळ्ळारी नाला शेवटी तिलाच जाऊन मिळतो. वरून गोड पाणी घ्यायचे आणि खालून सांडपाणी परत करायचे, असा आपला व्यवहार आहे. साबरमती पाहून आल्यावर नाल्यालाही दगडी काठ, दिवे, बागा हव्यात असे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यात पाणी कुठले सोडणार? आपल्याकडे उसन्या पाण्याची किंमत सर्वांना ठाऊक आहे. महादयी लवादाने २०१८ मध्ये निवाडा देऊनही कळसा-भांडुरीचा तंटा मिटलेला नाही. शिवाय नाल्याला भिंती घालून अरुंद केले, तर पुराचे पाणी शेतातच जाणार. आधी गटारे अडवावीत, गाळ काढावा, पात्राची रुंदी राखावी. बाग नंतर झाली तरी चालेल.

जपणूक आपल्याला जमत नाही असेही नाही. अनगोळहून टिळकवाडीला चालत जाता येते. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली विहीर तिथे आहे. तिला पंपा सरोवर हे नाव दिले होते. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. त्या वेळी हजारो माणसांना पाणी हवे होते, तर गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पायाखालच्या जमिनीतून काढले. शंभर वर्षांनीही ती विहीर आहे.

तेव्हा अहमदाबादला जरूर जा. हिवाळ्यात जा, दोन दिवस ठेवा आणि वासणा बंधाऱ्यापर्यंतही एक फेरी मारा. परतल्यावर एखाद्या रविवारी मुलांना काँग्रेस विहीर दाखवा आणि तसेच पुढे शिवारात घेऊन या. हे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, एवढे त्यांना विचारा.

परत आल्यावर आम्ही सासूबाईंना विचारले, साबरमती कशी वाटली? म्हणाल्या, “झाडलोट झ्याक केलीया. पर आमचा व्हळ वाहतोय तरी. घाण तेवढी काढा की.”