शेजारचं कपाट

मोठ्या सर्व्हरमध्ये अनेक प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाजवळ स्वतःची मेमरी असते. अशा एका जोडीला नोड म्हणतात. जवळच्या मेमरीतून माहिती लवकर मिळते, दुसऱ्या नोडवरून आणायला जास्त वेळ लागतो.

मास्तरकी केलेल्या माणसाला यात शाळेतली कपाटं दिसतात. प्रत्येक वर्गाला एक कपाट. सामान आपल्याच वर्गात ठेवावं, म्हणजे हेलपाटे वाचतात. लिनक्सचा कर्नेल एरवी हाच नियम पाळतो. मात्र यंत्र सुरू होताना तो नियम लावला, तर पहिल्याच नोडचं कपाट शाळा भरायच्या आत गच्च होईल. म्हणून तेवढ्या वेळेपुरतं तो पाळीपाळीने सगळ्या नोडवर वाटप करतो.

खरा प्रश्न येतो कपाट भरल्यावर. शेजारी जागा असताना आपल्या कपाटातल्या पुन्हा लागणाऱ्या वह्या बाहेर काढायच्या, की शेजारी जायचं? नोडमधलं अंतर जास्त असलेल्या यंत्रांवर कर्नेल पूर्वी वह्या काढायचा. मग त्याच वह्या डिस्कवरून परत आणाव्या लागत आणि डेटाबेसची कामं रखडत. २०१४ मध्ये ही सवय मुळातच बंद ठेवायचं ठरलं. ज्याला हवी त्याने ती मुद्दाम चालू करावी. त्याआधी, २०१३ मध्ये, आणखी एक सोय आली होती. कोणतं पान कोणता नोड वापरतो हे कर्नेल बघतो आणि ते पान हळूच त्याच्याजवळ नेऊन ठेवतो.

आम्हा नारायणगड परिसरातल्या माणसांना इथे जायकवाडी आठवणारच. खोऱ्यातल्या धरणांनी तुटीच्या वर्षी टंचाई सारखी वाटून घ्यावी, असं महाराष्ट्राचा २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा सांगतो. नाशिक-अहिल्यानगरच्या धरणांतून पाणी खाली सोडलं की वाटेत बरंच जिरतं, अशी वरच्यांची तक्रार असते. ती खोटी नाही. लांबून आणण्याची किंमत कर्नेललाही मोजावी लागते. तरीही एका नोडची कोंडी होण्यापेक्षा ती किंमत त्याला परवडते.

फरक एवढाच, की कर्नेल हा हिशोब क्षणोक्षणी करतो. आपल्याकडे तुटीच्या वर्षी तो अनेकदा न्यायालयात जातो, आणि तोवर इकडची ज्वारी वाळते.