लॅमिंग्टन रोडवरची खरेदी

महाराष्ट्राच्या नकाशात यवतमाळ जिल्हा शोधा आणि बोट हळूहळू दक्षिणेकडे न्या. पैनगंगेच्या निळ्या रेषेजवळ उमरखेड हे नाव सापडेल. तेच आमचं गाव. नदीवरचा पूल ओलांडला की विदर्भ संपतो आणि मराठवाडा लागतो. त्यामुळे आम्हांला मोठी खरेदी करायची असली की पाय नांदेडकडे वळतात. पण या लेखातली खरेदी नांदेडच्याही पुढे, थेट मुंबईला झाली. घ्यायचे होते कॉम्प्युटरचे सुटे भाग, आणि कॉम्प्युटर हवा होता माझ्या मित्राला, ट्रक चालवायला!

तुम्ही म्हणाल, गुरुजी काहीतरीच सांगतात. ऐका तर.

माझा हा मित्र पंधरा वर्षं ट्रक चालवत होता. पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ट्रकवर बसायला मनाई केली. तेव्हापासून तो भावाच्या किराणा दुकानात बसतो. एकदा माझ्या मोबाइलवर त्यानं एका गेमचं चित्रण पाहिलं. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हे त्या गेमचं नाव. चेक प्रजासत्ताकातल्या एका कंपनीनं तो २०१२ साली काढला. त्यात गोळीबार नाही, मारामारी नाही. माल भरायचा, सिग्नल पाळायचे, डिझेल संपू द्यायचं नाही आणि वेळेत माल पोचवायचा. बस्स! मित्र बघतच राहिला. आठ दिवसांनी त्यानं माझ्यापुढे ३५,००० रुपये ठेवले. म्हणाला, “मास्तर, येवढेच हायेत. दोन वर्साची बचत हाय. याच्यावर रुपया निघनार नाही.” वहिनींनी आणखी एक अट घातली: “पोरीच्या अभ्यासालाही कामी आला पाहिजे, गुरुजी. अन् बिगरबिलाचं काही आणू नका.”

त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिनं वहीत भागांची यादी केली आणि पुढे किमतीसाठी रकाना मोकळा ठेवला.

नांदेडलाही कॉम्प्युटरची दुकानं आहेत. पण एकेक भाग निवडून, चार ठिकाणी भाव विचारून घ्यायचा तर मुंबईचा लॅमिंग्टन रोडच गाठावा. शिवाय मित्र म्हणाला, “भिवंडीच्या गोदामापर्यंत कितीदा गेलो, पण मुंबई काही पाह्यली नाही.” मग काय, २०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज झाल्यावर आम्ही निघालो. एस.टी.नं हदगाव, पुढे केळीसाठी प्रसिद्ध असलेलं अर्धापूर, मग नांदेड. संध्याकाळी देवगिरी एक्स्प्रेस. मित्राला खालचा बर्थ मिळाला, हे बरं झालं. परभणी, जालना, औरंगाबाद असं करत रात्र सरली आणि सकाळी आम्ही दादरला उतरलो. तिथून पश्चिम रेल्वेच्या धिम्या लोकलनं ग्रँट रोड. त्या गर्दीत पाठीला धक्का लागू नये म्हणून मी त्याच्यामागे भिंतीसारखा उभा राहिलो होतो.

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की थोड्याच अंतरावर हा रस्ता आहे. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचं नाव या रस्त्याला मिळालं. आज कागदोपत्री नाव ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’ असं आहे, पण टॅक्सीवाल्याला विचाराल तर तो जुनंच नाव सांगेल. आम्ही लवकर पोचलो होतो. बरीचशी दुकानं दहा-अकराच्या पुढे उघडतात, म्हणून रमतगमत चाललो. इथे डी. बी. मार्ग पोलीस ठाणे दिसलं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीजवळ अतिरेक्याची बंदूक हातांनी धरून ठेवणारे आणि त्यात प्राण गमावणारे तुकाराम ओंबळे याच ठाण्यातले. मित्रानं रस्त्यावरच हात जोडले.

पूर्वी हा रस्ता सिनेमा थिएटरांचा होता. इथल्याच ‘मिनर्व्हा’त १९७५ साली ‘शोले’ लागला आणि पाच वर्षं उतरला नाही! रेडिओच्या सुट्या भागांची दुकानंही होती. पुढे त्यांच्या जोडीला टीव्ही आला, मग कॉम्प्युटर. आता एका फळीवर वायरींची भेंडोळी, दुसरीवर स्पीकर, जिन्याखालच्या खोलीत डोळ्याला भिंग लावून मदरबोर्ड दुरुस्त करणारा कारागीर, आणि रस्त्यावर खोक्यांनी भरलेल्या हातगाड्या. चालायला वाट मिळेल तर शपथ!

आता खरी परीक्षा. गेमसाठीचा कॉम्प्युटर म्हणजे काय? गेममध्ये दर सेकंदाला तीस, साठ चित्रं नव्यानं काढावी लागतात. हे काम करणाऱ्या भागाला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, आणि तोच सर्वांत महाग असतो. २०२१ साली तर जगभर चिपांची टंचाई होती. शिवाय आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ही कार्डं रात्रंदिवस चालवत होते, त्यामुळे भाव आकाशाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये ‘इथेरियम’ या चलनानं आपली पद्धत बदलली आणि ती राबवलेली कार्डं जुन्या बाजारात आली. एका दुकानदारानं आम्हांला तसलंच एक कार्ड ९,००० रुपयांत दाखवलं. दिसायला चकचकीत. मित्रानं विचारलं, “वारंटी?” दुकानदार हसला. मित्रानं कार्ड परत ठेवलं. “रातंदिस पळालेली गाडी हाय ही मास्तर. इंजिन खोलल्याबिगर घेऊ नये.”

मग कार्डाशिवाय गेम कसा चालायचा? काही प्रोसेसरांच्या पोटातच चित्र काढणारा भाग असतो. आम्ही ‘रायझन ५ ५६००जी’ हा तसा प्रोसेसर घेतला, १३,४०० रुपयांना. मदरबोर्ड घेताना मात्र खोका नीट पाहिला. जुना मदरबोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखतोच असं नाही. त्यातली आज्ञावली नवी करून घ्यावी लागते. ‘रायझन ५००० साठी तयार’ अशा अर्थाची चिठ्ठी ज्यावर होती, तोच खोका ५,६०० रुपयांत घेतला.

रॅमच्या वेळी गंमत झाली. दुकानदार म्हणाला, “सोळा जीबीची एकच पट्टी घ्या, तीनशे रुपये वाचतील.” मी आठ-आठच्या दोन मागितल्या. मित्राला काही कळेना. बेरीज तर सोळाच! मी म्हटलं, “एकपदरी रस्ता आणि दुपदरी रस्ता, यांत फरक आहे का नाही?” पोटातल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, तो रॅमच वापरतो. दोन पट्ट्या असल्या की माहितीची वाहतूक दोन रस्त्यांनी होते आणि चित्रं भराभर निघतात. मित्रानं लगेच ४,३०० रुपये मोजले. दुपदरीची किंमत त्याला कोणी शिकवायला नको.

५०० जीबीची एसएसडी ३,२०० रुपयांना मिळाली. मग आला एसएमपीएस, म्हणजे भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेचं १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये रूपांतर करणारा डबा. इथे पैसे वाचवायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण तो दिसत नाही. सहाशे रुपयांचाही डबा तिथे होता, वर ठळक ‘५०० वॅट’ लिहिलेला. पण आमच्याकडे वीज कधी जाईल, कधी उसळी मारेल याचा नेम नाही, आणि असला डबा जळताना शेजारचा मदरबोर्डही सोबत नेतो. आम्ही ४५० वॅटचाच, पण नावाजलेला, २,९०० रुपयांचा घेतला. मला विचाराल तर त्या दिवशीची सर्वांत शहाणी खरेदी तीच.

कॅबिनेट पाहताना मात्र मित्र विरघळला. काचेची भिंत, आत लाल-निळे फिरणारे दिवे, किंमत ४,५००! ट्रकला झालरी आणि गोंडे लावणारा माणूस तो. बराच वेळ हात फिरवला, मग स्वतःच म्हणाला, “गोंड्यानं गाडी घाट चढत नाही.” साधी, हवा खेळती राहील अशी पेटी २,१०० रुपयांना घेतली. की-बोर्ड आणि माउस ९००. मॉनिटर घेतलाच नाही, घरचा टीव्ही होता. वहीतली बेरीज ३२,४०० झाली. तुम्हीही करून पाहा. प्रत्येक भागाचा क्रमांक बिलावर लिहून घेतला, कारण वॉरंटी मागताना तोच विचारतात.

घरी जोडणी मुलीनं केली, मी फक्त शेजारी बसलो. आधी लोखंडी खिडकीला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. प्रोसेसरच्या पोटाला १३३१ बारीक पिना होत्या. (१३३१ म्हणजे ११ चा घन, बरं का!) कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपसूक बसतो. रॅमच्या पट्ट्या मात्र ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबाव्या लागतात. त्या दाबताना वहिनींनी डोळे मिटून घेतले होते. बटण दाबलं, पंखा फिरला, आणि दोन-तीन सेकंद टीव्ही काळाच. मग अक्षरं उमटली!

विंडोज विकत घ्यायला पैसे नव्हते आणि चोरीची प्रत शाळामास्तर कशी घालणार? ‘लिनक्स मिंट’ ही प्रणाली फुकट मिळते आणि ती वापरणं पूर्ण कायदेशीर आहे. मराठीतही दिसते. आमचा ट्रकचा गेम तिच्यावरही चालतो. तो सवलतीच्या दिवसांत काही शे रुपयांत मिळाला. स्टिअरिंग परवडलं नाही, म्हणून बाणांच्या कळांवरच गाडी हाकायची.

गेमच्या सुरुवातीला आपलं मुख्य ठाणं कोणत्या शहरात हवं ते विचारतात. युरोपात बहुतेक देशांत वाहनं उजवीकडून चालतात, पण ब्रिटनमध्ये आपल्यासारखी डावीकडून. हे कळल्यावर मित्रानं बर्मिंगहॅम निवडलं. दर अर्ध्या तासानं उठून, पाठ मोकळी करून तो पुन्हा बसतो. कार्डिफ, लंडन, ग्लासगो त्याला आता पाठ झालेत. डोव्हर बंदरापर्यंत जातो, समोर फ्रान्सला जाणारी बोट उभी असते, आणि हा गाडी वळवतो. “उजव्या बाजूनं हाकायला अजून मन होत नाही, मास्तर.”

लेक मात्र अभ्यास आटोपला की बिनधास्त बोटीत चढते. पहिल्याच दिवशी ती उलट्या बाजूनं गेली, धडकली आणि दंड झाला. तो दंड बापाच्या कंपनीच्या खात्यातून गेला, म्हणून दोघांचं दोन दिवस भांडण चाललं होतं.