पल्ला आणि परवाना

दिल्लीत चाकरी करणाऱ्या मराठी माणसाविषयी गावाकडची मंडळी दोन गोष्टी गृहीत धरतात : त्याची मंत्र्यांशी ओळख आहे आणि त्याला सारे कायदे पाठ आहेत. पहिली गोष्ट खोटी आहे हे त्यांना यथावकाश पटते. दुसरी मात्र काही केल्या पटत नाही. म्हणून वर्धा जिल्ह्यात कोरडवाहू शेती करणाऱ्या आमच्या मावसभावाने, "दादा, लांब पल्ल्याची, मोठे जनावर एका गोळीत आडवे पाडणारी, पण आपल्या ऐपतीतली रायफल कोणती घ्यावी?" असे विचारले, तेव्हा आम्हांस नवल वाटले नाही. सलग दोन वर्षे रानडुकरांनी त्याच्या हरभऱ्याची नासाडी केली आहे; रात्र रात्र जागल करून त्याचे डोळे खोल गेले आहेत. प्रश्न हौसेचा नव्हता. तेव्हा उत्तर थट्टेवारी नेण्याजोगे नव्हते.

प्रथम आम्ही बाजाराचा विचार केला. सामान्य परवानाधारकास परदेशातून रायफल मागविता येत नाही; ती सवलत नामांकित नेमबाजांपुरती आहे. आयात खुली असताना संस्थानिकांनी व साहेबांनी आणलेल्या रिग्बी, मान्लिखर वगैरे जुन्या रायफली आज हस्तांतराने मिळतात, पण दुर्मिळ वस्तूची किंमत दुर्मिळच असते. मग प्रामुख्याने उरतात त्या ईशापूरच्या सरकारी कारखान्याच्या .३१५ आणि .३०-०६ या मापांच्या रायफली. त्यांपैकी .३१५ चा इतिहास मोठा बोलका आहे. .३०३ हे फौजेचे काडतूस. ते रयतेच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारने शिकारी बंदुकांसाठी निराळी मापे चालविली; .३१५ हे त्यांतले एक. इंग्रज गेले, .३०३ आजही निषिद्धच राहिले, आणि राज्यकर्त्यांच्या धास्तीतून रूढ झालेले ते माप आपल्याकडे मध्यम ऐपतीच्या माणसाची रायफल होऊन बसले.

आता पल्ला. शंभर यार्डांवर नेम जुळविलेल्या .३१५ ची गोळी तीनशे यार्डांवर हातभराहून अधिक खाली उतरते; .३०-०६ ची वीत-दीड वीत. कागदावर दुसरी सरस खरी. परंतु हा उतार मनगटात मुरावयाचा तर शेकडो काडतुसे झाडावी लागतात, आणि काडतुसे महाग असतातच, शिवाय परवान्यावर त्यांची संख्याही ठरलेली असते. म्हणजे माणूस रायफल एकदा विकत घेतो, पल्ला मात्र त्याला गोळीगणिक विकत घ्यावा लागतो. ज्याने तो घेतलेला नाही त्याची लांबची गोळी जनावर मारीत नाही, जखमी करते. जखमी जनावराचा माग काढून त्याचा शेवट केल्यावाचून परतायचे नाही, हा जुन्या शिकाऱ्यांचा नेम होता. तीनशे यार्डांवरून, रात्री, तुरीच्या पिकात तो कोण पाळणार?

जिम कॉर्बेटचे उदाहरण येथे आठवते. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसे मारली असे सांगतात. १९०७ साली कॉर्बेटने तिला गाठले तेव्हा त्याच्याजवळची तीन काडतुसे संपली आणि शेवटचा बार त्याने तहसीलदाराची जुनाट बंदूक उसनी घेऊन, अवघ्या काही पावलांवरून काढला. पुढे त्याला .२७५ ची सुंदर रिग्बी रायफल बक्षीस मिळाली. आम्हां सरकारी नोकरांना मात्र तहसीलदाराच्या बंदुकीचाच अभिमान अधिक वाटावा.

यानंतर कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीची हौस संपुष्टात आणली. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकराविषयी मात्र त्याच्या अकराव्या कलमात वाट ठेवलेली आहे : मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने लेखी परवानगी दिली पाहिजे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे तेरावे कलम तर अधिकच स्पष्ट आहे. पीकरक्षणासाठी ते ठासणीची बंदूक सुचविते. ती अपुरी पडते अशी खात्री झाल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक. तेथे रायफलीचे नाव नाही. हा कारकुनी कोतेपणा नव्हे. .३०-०६ ची गोळी चुकली तर तीन किलोमीटरांहूनही पुढे जाऊ शकते, आणि तिकडच्या सपाट मुलखात एवढ्या अंतरात एखादी वस्ती, एखादा जागल्या असतोच. छऱ्याचा जोर लवकर ओसरतो. कायद्याने पल्ला मुद्दामच आखूड ठेवला आहे.

लांबच्या नेमाची ज्याला खरोखर ओढ आहे त्याच्यासाठी त्याच कलमात दुसरी सोय आहे : मान्यताप्राप्त रायफल क्लबाचे सभासदत्व. राष्ट्रीय रायफल असोसिएशन १९५१ साली स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे सभापती दादासाहेब मावळंकर, म्हणजे आपलेच. येथे तुघलकाबादेस १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळची नेमबाजीची जागा आहे. आणि २०२४ साली पॅरिसहून ऑलिंपिकचे कांस्यपदक आणणारा कोल्हापूरकडचा स्वप्निल कुसाळे हा तेव्हा रेल्वेतला तिकीट तपासनीस होता. त्याचे लक्ष्य किती दूर होते? पन्नास मीटर.

हे सारे आम्ही मावसभावास सविस्तर लिहिले. रायफलीचा नाद सोडावा. आधी वनखात्याची लेखी परवानगी मागावी. नुकसानीचा पंचनामा दर वेळी करून घ्यावा. बंदूक घ्यायचीच तर साधी बारा बोअरची दुनळी घ्यावी आणि तीस-चाळीस पावलांच्या पलीकडे बार काढू नये, असा सल्ला दिला.

त्याचे उत्तर आले. "दादा, तुमचे सारे बरोबर आहे. अर्ज दोन्हीकडे दिले आहेत. पण तीस पावलांवर डुक्कर उलटले तर काय करायचे, ते तुमच्या कलमात आहे का?"

ते कलमात नाही. लांब पल्ल्याची रायफल तो का मागत होता, हे आम्हांस त्या एका वाक्याने कळले. त्याला दूरचे जनावर मारायचे नव्हते; जवळ जायचे नव्हते. आमचा सल्ला आम्ही बदललेला नाही, कारण चुकलेल्या गोळीपुढे कोणाचे घर असेल हे आम्हांस विसरता येत नाही. फक्त दुसऱ्या पत्रात एवढेच लिहिले की बार काढायचा तो माळ्यावरूनच काढावा, खाली उतरून नव्हे. आणि माळा या खेपेस चांगला उंच व भक्कम बांधावा. लाकडाचे पैसे आम्ही पाठविले आहेत.