चिंता आणि आंबील

मन चिंतेनें व्यापलें, कीं जीभ चहा-भज्यांकडे धांवते. चहानें तरतरी येते खरी. परंतु त्यांतील कॅफीनचा निम्मा अंश सुमारें 5 तासांनंतरही शरीरांत उरतो, आणि सायंकाळीं घेतलेली उसनी हुशारी मध्यरात्रीं व्याजासह फेडावी लागते.

आईच्या दीर्घ आजारांत तिच्या उशाशीं बसण्याच्या आमच्या पाळ्या असत. पाळी संपली, तरी डोळ्याला डोळा लागत नसे. तेव्हां वहिनींनीं सायंकाळचा चहा बंद करून आंबील सुरू केली. सकाळीं ताकांत भिजविलेलें नाचणीचें पीठ सायंकाळीं उकळत्या पाण्यांत शिजवावयाचें, वर जिरें आणि मीठ. पोट जड होत नसे, आणि अंथरुणावर पडतांच झोंप येऊं लागली.

गीतेच्या 17 व्या अध्यायांत अति आंबट, अति खारट, अति तिखट आहार राजस व दुःखशोककारक ठरविला आहे. आंबील आंबट खरी. पण ‘अति’ हा शब्द तिला लागू पडत नाहीं, आणि सारें मर्म त्या एका शब्दांत आहे.

अन्नानें चिंता मिटत नाहीं. आईचें दुखणेंही हटलें नाहीं. परंतु दुसऱ्या रात्रीं पुन्हां शांतपणें जागण्याचें बळ त्या वाटीभर आंबिलीनें आम्हांस दिलें.