जाळं कुरतडलं ते उंदरांनी

१५ ऑगस्टला आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी ‘एक अनेक और एकता’ टाकलं. ज्यांचं बालपण दूरदर्शनसमोर गेलं त्यांना जास्त सांगायला नको. ताई, धाकटा भाऊ, बाग, पाखरं, शिकारी. ग्रुपवर धडाधड हार्ट पडले. मीही एक टाकला.

रात्री मात्र ती सातेक मिनिटांची फिल्म नीट बसून पाहिली.

फिल्म्स डिव्हिजनची, १९७४ सालची. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसैन यांचं, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिसांच्या नेतृत्वाखाली लाखो रेल्वे कामगार एक झाले, तर सरकारने हजारोंना तुरुंगात टाकलं. पुढच्याच वर्षी आणीबाणी. म्हणजे पोरांना एकी शिकवणाऱ्या सरकारलाच मोठ्यांची एकी झेपत नव्हती. ‘सरकारी प्रचार’ म्हणून ही फिल्म मोडीत काढायची तर मसाला भरपूर आहे.

पण मला वाटतं, फिल्म तिच्या सरकारपेक्षा शहाणी आहे. जुनी पंचतंत्रातली गोष्ट. पाखरं एकजुटीने जाळ्यासकट उडतात, इथपर्यंत सगळ्यांना आठवतं. पुढचं आपण विसरतो. उडाली तरी ती जाळ्यातच असतात. जाळं कुरतडतात ते उंदीर. ना पंख, ना चोच, राहायला बिळात. पाखरांच्या एकीने जे झालं नाही, ते वेगळ्या जातीच्या मित्रांच्या दातांनी झालं. फिल्मच्या नावातही बघा, ‘एक’ आणि ‘एकता’ यांच्या मध्ये ‘अनेक’ आहे. आपण नेमका तोच शब्द गिळतो.

हे लिहितोय त्याला कारण आहे. दोन महिन्यांपूर्वी आमच्या बिल्डिंगमधला एक फ्लॅट भाड्याने घ्यायला एक जोडपं आलं होतं. दोघं नोकरी करणारी, कागदपत्रं व्यवस्थित. आडनाव कळलं आणि याच ग्रुपवर सुरू झालं, ‘आपल्यातले नाहीत’, ‘सोसायटीची एकी टिकली पाहिजे’. एकी! हाच शब्द. मालकाने नकार कळवला. मी सगळे मेसेज वाचले आणि फोन उलटा ठेवला. भांडण नको, रोज लिफ्टमध्ये तोंडं बघायची असतात, असं स्वतःला समजावलं.

कुणाला तरी बाहेर ठेवण्यासाठी केलेली एकी म्हणजे नुसता थवा. असा थवा जाळ्यासकट उडेलही, पण उतरल्यावर कुणाकडे जाणार? उंदरांना तर आपणच दारातून परत पाठवलंय.

ही पोस्ट आधी सोसायटीच्या ग्रुपवर टाकली, मग इथे. उशीर झालाय, कबूल आहे. ते जोडपं केव्हाच दुसरीकडे राहायला गेलं. पण पुढच्या वेळी कुणी ‘आपल्यातले नाहीत’ म्हणालं, तर फोन उलटा ठेवणार नाही, एवढं इथे सगळ्यांसमोर लिहून ठेवतो.